आजून घाम हाय

नातीच्या शाळेत 'क्राफ्ट' नावाचा तास असतो. परवा तिनं आइस्क्रीमच्या काड्यांची होडी केली, तिला टिकल्या चिकटवल्या, बाईंकडून लाल शाईतला शेरा आणला आणि घरी येऊन बादलीत सोडली. होडीनं एक गिरकी घेतली आणि सरळ तळ गाठला. टिकल्या तेवढ्या वर तरंगत राहिल्या. नात रडायला लागली आणि मी, आजी असून, हसायला लागले. सुनेनं माझ्याकडं असं बघितलं की मला उठून गच्चीवर जावं लागलं. पण मी तरी काय करू? मला लिंबाजी मिस्त्री आठवले. ते असते तर त्यांनी ती होडी उचलली असती, तळव्यानं बाहेरून चाचपली असती आणि एवढंच म्हटलं असतं, "आजून घाम हाय."

घामाचं सांगते. आधी माणूस सांगते.

मी ताडकळसची. आमच्याकडं पाणी विहिरीत असतं आणि तिथंच राहतं. मला नोकरी लागली ती येलदरी धरणाच्या फुगवट्याकाठच्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं मला अजून ओळखतात. तिथलं पाणी एका जागी बसणारं नव्हतं. श्रावणात ते पाहुण्यासारखं यायचं, शाळेच्या मैदानाला चिकटून मुक्काम ठोकायचं आणि माघ सरल्यावर कधीतरी मागं जायचं.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. डी.एड.ला पहिला वर्ग, खांद्याला पर्स, पायात उंच टाचांच्या चपला. पहिल्याच दिवशी त्यातली एक टाच काठच्या गाळात मोडून राहिली. मी दिवसभर एका टाचेवर लंगडत शिकवलं, कारण शिक्षिकेनं अनवाणी फिरणं बरोबर नाही असं माझं मत होतं. मतं फार होती मला. पोरं मात्र खूश होती. नव्या बाईंची चालच अशी आहे असं समजून चार पोरींनी दुसऱ्या दिवशी तसं चालून दाखवलं.

शाळेच्या मागं मोठी चिंच होती आणि तिच्याखाली लिंबाजी मिस्त्री नावा बनवायचे. उंच, वाळके, अंगात कोपरी, आणि तोंडात कायम कापसाची लांब वात. फळ्यांच्या फटीत ठोकायला ती लागायची आणि दोन्ही हात कामात म्हणून ठेवायची जागा तोंड. त्यामुळं त्यांचं निम्मं बोलणं कापसातून गाळून यायचं. गावकऱ्यांना ते कळायचं. मला वर्षभर लागलं.

मिस्त्री जातीनं सुतार नव्हते. बुद्धवाड्यातले होते. धरण बांधलं जात होतं तेव्हा पोरवयात तिथं सेंट्रिंगच्या कामाला लागले आणि फळीला फळी जोडायला तिथं शिकले. "काँक्रीट आतलं भाईर जाऊ द्यायचं न्हाई, हे माझं काम," ते सांगायचे. "मंग पानी आलं. आता भाईरचं आत येऊ द्यायचं न्हाई. काम त्येच हाय, बाई. बाजू फिरली." गावातल्या सुतारांनी सुरुवातीला नाकं मुरडली, वाकस-रंध्याला हात लावणारा हा कोण म्हणून. पण नाव करायची वेळ आली की तेच सुतार मुकाट्यानं चिंचेकडं बोट दाखवायचे. बैलगाडी चुकली तर माणूस चिखलात उतरतो, नाव चुकली तर कुठं उतरणार?

मी त्यांना पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते नावेत पाणी ओतत होते. कोरडी ठणठणीत जमीन, दोन ओंडक्यांवर ठेवलेली नवी कोरी नाव, आणि हा माणूस घागरीवर घागर तिच्यात रिकामी करतोय. मी वर्ग बाहेर काढला. अख्ख्या चौथीसमोर, पदर खोचून, त्यांना तरंगण्याचा नियम समजावून सांगितला. शेवटी मी म्हणाले, "नावेत पाणी भरत नसतात, मिस्त्री. नाव पाण्यात सोडत असतात."

मिस्त्रींनी वात तोंडातून काढली. "आसं व्हय? बरं झालं सांगितलं," म्हणाले, वात परत तोंडात घातली आणि पुढची घागर ओतली.

पोरं खाली बघून हसली. मला वाटलं, मिस्त्रींना हसली.

त्याचं कारण मला सुनंदानं सांगितलं. सुनंदा चौथीतली, पाण्यापलीकडच्या वाडीची, वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी. "बाई, मिस्त्रीआबा आतून पाणी भरत्यात अन् भाईरून बघत्यात. जिथं ओल दिसती तिथं फट. पाण्यात सोडल्यावर कसं दिसंल?" मी म्हणाले, "मला माहीत होतं. तुम्हाला माहीत आहे का ते बघत होते." अशी होते मी.

त्या ओलीला मिस्त्री घाम म्हणायचे. आतल्या पाण्यानं लाकूड फुगायचं, फटी आवळून यायच्या, तरी कुठंतरी बाहेरच्या अंगाला ओलसर लागायचं. सकाळ-संध्याकाळ ते नावेभोवती फिरत, तापल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा तळवा फळीवर ठेवत, आणि गिऱ्हाइकाकडं न बघता सांगत, "आजून घाम हाय." मग पाणी काढायचं, नाव वाळवायची, डांबरात बुडवलेला कापूस पुन्हा ठोकायचा, पुन्हा पाणी भरायचं. असं चार-चार वेळा. एका सरपंचांनी मासे धरायला नाव सांगितली. ती होईपर्यंत त्यांची सरपंचकी गेली. नवे सरपंच आले, म्हणाले, ती नाव आता मला द्या. मिस्त्री म्हणाले, "नाव मानसानं सांगितली व्हती. खुर्चीनं न्हाई." आणि जुन्यालाच दिली.

त्यांची बायको गयाबाई. आवाज पाण्यापलीकडं जाईल असा. ती म्हणायची, "आमच्या लेकीला सात पोरं बघितली ह्यान्नी. पोरगा बसला की हे त्येच्याभवती चक्कर मारायचे. मी म्हनलं, आता पानी वतून बघताव का काय जावयात!" मिस्त्री वातीतून काहीतरी म्हणायचे. गयाबाई लगेच आम्हाला सांगायची, "म्हनायलेत, वतायला पायजे व्हतं."

आणि एक गोष्ट अख्ख्या गावाला माहीत होती. लिंबाजी मिस्त्री नावेत बसत नसत. आयुष्यात चाळीसेक नावा केल्या, एकीतही पाय ठेवला नव्हता. विचारलं तर म्हणत, "सैपाक करनारीनं पंगतीत कशाला बसावं?" खरं कारण गयाबाईनं मला सांगितलं. माणूस पाण्याला भ्यायचा. धरणावर काम करताना एकदा पडले होते, कुणीतरी कोपरीला धरून काढलं. तेव्हापासून गुडघ्यावर पाणी नको. "आंगुळ बी तांब्यानं करत्यात, लांबून," ती म्हणाली.

आता मुद्द्याचं. पलीकडच्या वाडीतून आमच्या शाळेत सात पोरी यायच्या. उन्हाळ्यात मधला नाला कोरडा, चालत यायच्या. पाणी चढलं की येणं बंद. वाडीतली पोरं ट्रकच्या ट्यूबवर बसून, कपडे डोक्यावर बांधून यायची. पोरींना ट्यूबवर कोण बसवणार? त्या सहा महिने घरी राहायच्या. सहा महिने घरी राहिलेल्या पोरीला पाहुणे यायला लागतात. आदल्या वर्षीची अशी एक पोरगी माझ्या हजेरीपटावर होती आणि सासरी नांदत होती. सुनंदाच्या घरी चहाचे कप धुवायला लागलेत असं कानावर आलं तेव्हा मी मिस्त्रींकडं गेले. म्हणाले, शाळेसाठी नाव करा.

मिस्त्रींनी नाही म्हटलं नाही. वाडीच्या लोकांनी सागाची जुनी लाकडं दिली. कुणी दाराची फळी, कुणी माळ्याची. एका फळीवर 'सुस्वागतम' रंगवलेलं होतं, ती मिस्त्रींनी नेमकी तळाला लावली. मी म्हणाले, "अहो, वर लावा, छान दिसेल." ते म्हणाले, "वरच्याला बोलवायला तुमी हायेत. खाली मासे बी येत्यात."

नाव उभी राहिली. पोरांनी बादल्यांनी पाणी भरलं. मिस्त्रींचा तळवा फिरला. "आजून घाम हाय." दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला तेच. इकडं श्रावण लागला, पाणी मैदानाच्या कडेला आलं, वाडीच्या पोरी बंद झाल्या. आणि तपासणीच्या साहेबांचं पत्र आलं की येत्या सोमवारी येतो. माझ्या डोक्यात दिवे लागले. नावेचं उद्घाटन! साहेबांच्या हस्ते! मी भाषण लिहून काढलं. त्यात 'ज्ञानगंगा' हा शब्द तीनदा होता.

सोमवारी मिस्त्री जिंतूरला बाजाराला गेले. मी पोरांना सांगितलं, पाणी काढा. नाव बाहेरून ओलसर होती. मी पदरानं पुसली. परत ओल आली. मग शाळेच्या दारांसाठी आलेला निळा रंग होता, तो मी स्वतःच्या हातानं नावेला फासला, जाड. घाम दिसेना. माझ्या मते गेला.

महादू भोई वल्हं घेऊन उभा होता. तो म्हणाला, "बाई, मिस्त्रीला येऊ द्या की." मी म्हणाले, "महादू, साहेब मिस्त्रीसाठी थांबणार आहेत का?"

नारळ फुटला. फीत कापली. पलीकडच्या काठावर वाडी जमली होती, सुनंदा पाटी-दप्तर घेऊन पुढं उभी. नावेत साहेब, हेडगुरुजी, महादू आणि भाषणाचा कागद धरलेली मी. 'ज्ञानगंगे'पर्यंत पोचले असेन, तेवढ्यात साहेब म्हणाले, "बाई, माझे बूट ओले व्हायलेत." मी म्हणाले, "सर, नावीन्याचा ओलावा आहे." हे मी खरंच म्हणाले. देवाशपथ. त्यानंतर नाव इतकी सावकाश आणि अदबीनं खाली गेली की कुणाला ओरडायलाही सुचलं नाही. पाणी कमरेइतकंच होतं. आम्ही चौघं पाण्यात रांगेनं उभे राहिलो, साहेबांच्या हातात नारळाची वाटी, माझ्या हातात कागद, आणि आमच्याभोवती निळा रंग पसरत चाललेला. गुरुजींनी सवयीनं राष्ट्रगीताला उभं राहतात तसे हात बाजूला लावले होते.

सगळा काठ हसला. वाडी नाही हसली. सुनंदाच्या बापानं, गणपतनं, तिचं दप्तर हातातून घेतलं आणि तिला घेऊन तो वर निघून गेला.

मिस्त्री संध्याकाळी आले. तोवर महादूनं नाव ओढून चिंचेखाली आणली होती. ते तिच्याभोवती फिरले, नखानं रंगाची खपली काढली, तिच्याकडं बराच वेळ बघितलं. मी शाळेच्या खांबाआड होते. मी त्यांना दिसत नाही असं समजून नव्हे, तर दिसतेय हे माहीत असून. ते म्हणाले, "बाई, तापल्या लेकराला पावडर लावून शाळंत धाडलं तुमी."

एवढंच. नंतर कुणाला एक शब्द बोलले नाहीत.

आणि मीही नाही बोलले. हे मात्र आज हसण्यावारी नेता येत नाही. गावात बोलणं झालं, लिंबाजीचा कामातला हात गेला. दोघा जणांनी सांगितलेल्या नावा नको म्हणून कळवलं. मी ऐकत होते, हजेरी घेत होते, फळ्यावर सुविचार लिहीत होते. मिस्त्री चिंचेखाली बसून रंग खरवडत होते. आठ दिवस झाले. नवव्या दिवशी गयाबाई मधल्या सुट्टीत शाळेत आली, माझ्या टेबलासमोर उभी राहिली आणि वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाई, तुमी लेकरांना खरं बोलायला शिकवता म्हनं. कितवीत हाय त्यो धडा?"

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी वळसा घालून वाडीला गेले. पाच कोस. टाचा आधीच सोडल्या होत्या, ते एक बरं. पारावर सगळ्यांसमोर सांगितलं की पाणी मी काढलं, रंग मी लावला, मिस्त्री गावात नव्हते. मग गणपत म्हणाला, "खरं बोललाव, बरं झालं. पर नाव बुडलेली आमी डोळ्यानं बघितली. आता मिस्त्री सवता बसून हिकडं आला, तर आमच्या पोरी बसतील. न्हाईतर न्हाई."

पारावर हशा पिकला. म्हणजे नाहीच, असा त्याचा अर्थ होता.

मी तो निरोप खाली मान घालून मिस्त्रींना दिला. त्यांची वात चघळायची थांबली. पाण्याकडं बघितलं. मग नावेत आणखी एक घागर ओतली. पुढचे बारा दिवस ते सकाळ-संध्याकाळ फळी चाचपत होते आणि मी रोज विचारत होते. बाराव्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. "हात लावा." मी लावला. फळी कोरडी होती, भर उन्हात सावलीतल्या भिंतीसारखी गार. "कुटं हाय का?" "नाही." "समदीकडं बघा. तुमचा इश्वास न्हाई मला, पर हात तर चांगला हाय."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री बुद्धपौर्णिमेला घालायचा पांढरा सदरा घालून आले. वात नव्हती तोंडात. त्यांचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले, आणि ते वाजत होते. चपला हातात घेऊन ते नावेत चढले, मधोमध खाली बसले, डोळे घट्ट मिटले आणि दोन्ही तळवे दोन बाजूंच्या फळ्यांना लावले. काठावरून गयाबाई ओरडली, "पेटीची किल्ली कुटं ठिवलीय तेवढं सांगून जा!" मिस्त्री डोळे न उघडता ओरडले, "तुला सांगितल्यावर मरायची सोय ऱ्हाईल का!" आणि महादूनं वल्हं मारलं.

इकडून आम्हाला पाण्यावर एक पांढरा ठिपका दिसत होता. गयाबाई माझा दंड धरून उभी होती. इतका घट्ट की चार दिवस वळ होता. ठिपका पलीकडं टेकला. थोडा वेळ काहीच होईना. मग एक लाल रिबीन नावेत चढली. मग दुसरी. सात मोजेपर्यंत गयाबाईनं दंड सोडला नाही.

सात पोरी आल्या, आठ-दहा मिनिटांत. नाव आतून कोरडी. मिस्त्री मात्र नव्हते. "आबा कुठंयत?" मी विचारलं. सुनंदा म्हणाली, "आबा म्हनले, तुमी व्हा म्होरं. मी पायी येतो." पाच कोसांचा वळसा घालून ते चार वाजता आले, सदरा घामानं भिजलेला. गयाबाई म्हणाली, "आता ह्यांला वाळवून परत कापूस ठोकावा लागतोय."

ती रीतच पडली. दरवर्षी पाणी चढलं की पहिल्या दिवशी मिस्त्री नावेत बसून वाडीला जायचे, मग पोरी बसायच्या, आणि मिस्त्री चालत परत यायचे. माझी बदली झाली तरी रीत चालू राहिली. सुनंदा दहावी झाली, नर्स झाली.

मी निवृत्त झाले त्याच्या पुढच्या पावसाळ्यात सुनंदाचाच फोन आला. नाव जुनी झाली होती, काढून टाकली, शाळेसाठी नवी फायबरची आली होती. "पण वाडीची माणसं पोरी बसवंनात बाई. म्हणायलेत, मिस्त्री बसंना तवर न्हाई. आबांना तर धड उभं राहवत नाही आता. गयाकाकूही गेल्या. तुम्ही या, तुमचं ऐकतील." माझं ते कधीच ऐकत नव्हते, हे ती विसरली होती. तरी गेले.

मिस्त्री काठावर खुर्चीत बसले होते. पार वाळलेले, कान गेलेले. त्यांना नावेजवळ नेलं. त्यांनी तळवा फिरवला, इकडून तिकडं, पुन्हा इकडं. तोंड कडू झालं. "हिला जोडच न्हाई," म्हणाले. "घामच यायचा न्हाई हिला. मंग मानसाला कळावं कसं?" मी कानाशी ओरडले, "मिस्त्री, नका बसू. तुम्ही केलेली नाही ती." ते म्हणाले, "माझा बी इश्वास न्हाई." आणि पलीकडं बघितलं. तिकडच्या काठावर निळ्या गणवेशातल्या पोरी ताटकळत होत्या, दहा-बारा तरी. "शाळा भरली का?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "केव्हाच." त्यांनी दोन्ही हात वर केले, लहान पोर करतं तसे. सुनंदानं आणि महादूच्या लेकानं त्यांना उचलून नावेत ठेवलं.

चालत यायला आता पाय नव्हते, म्हणून परतीलाही ते नावेतच होते. नाव जवळ आली तसं दिसलं. सगळ्या पोरींच्या अंगात ती फुगीर नारिंगी जाकिटं, आणि मधोमध तसल्याच जाकिटात, उलटं घातलेल्या, मिस्त्री. डोळे गच्च मिटलेले. एक सात-आठ वर्षांची पोरगी त्यांचा हात धरून सारखी सांगत होती, "आलं आबा, आलं, थोडंच राह्यलं." नाव काठाला टेकली. ती म्हणाली, "आबा, शाळा आली. उतरा."

मिस्त्रींनी डोळे उघडले नाहीत. "आधी तुमी उतरा," म्हणाले. "शाळा तुमाला हाय."